तळमजल्यावर खोली वाढवताना सगळा जीव जोडात असतो

प्रश्न असा आहे की घर तळमजल्याचंच आहे, वीसेक वर्षांचं, मागे मोकळी जागा आहे आणि तिथे १२ बाय १६ फुटांची एक खोली आणि तिला लागून टॉयलेट-बाथरूम काढायचंय, वर मजला चढवायचा नाही. मिस्त्री म्हणतोय की जुन्या भिंतीला दाते पाडून नवीन भिंत त्यात गुंतवू, जुन्या स्लॅबच्या सळया उघड्या करून नवीन स्लॅब त्यालाच बांधून घेऊ, आणि मधली भिंत आधीच फोडून दार काढू म्हणजे माणसांना ये-जा करायला बरं पडेल. हे बरोबर आहे का आणि सुरुवात नेमकी कुठून करायची?

सरळच सांगतो, तिन्ही गोष्टी बरोबर नाहीत. मिस्त्री फसवतोय असं अजिबात नाही, बऱ्याच ठिकाणी असंच करतात आणि पहिलं वर्षभर काही दिसतही नाही. पण मी बरीच वर्षं हीच कामं करतोय त्यावरून सांगतो, वाढीव बांधकामात नवीन खोली बांधणं हा सोपा भाग आहे, चार भिंती आणि स्लॅब कुठलाही चांगला गवंडी बांधून देईल. अवघड आहे ती जुनं आणि नवीन जिथे भेटतं ती रेघ, पायापासून गच्चीपर्यंत. भेगा तिथे, गळती तिथे, ओल तिथे, फरशी बसते तीही तिथेच. म्हणून डोकं सगळ्यात जास्त तिथे लावायचं.

कारण असं की कुठलंही घर बांधलं की त्याच्या वजनाने खालची जमीन थोडी दबते. तुमचं जुनं घर वीस वर्षांत जेवढं बसायचं तेवढं बसून मोकळं झालंय. नवीन खोली आता बसायला सुरुवात करणार. जमीन मुरुमाची किंवा वाळूची असेल तर बहुतेक बसणं बांधकाम चालू असतानाच होऊन जातं, पण चिकणमाती असेल तर ते महिनोन्महिने, कधी काही वर्षं हळूहळू चालू राहतं. उतरणार काही मिलिमीटरच, पण एक बाजू स्थिर आणि दुसरी खाली चाललीय म्हटल्यावर मध्ये गुंतवलेल्या विटांनी करायचं काय, त्या फाटणारच. दाते पाडून जोडलेली एक भिंत मला बघायला बोलावलं होतं, घरमालक दरवर्षी ती भेग पुट्टीने भरून रंग मारत होते आणि दर पावसाळ्यानंतर ती परत यायची. गिलावा काढून बघितलं तर भेग सांध्यातून गेलेलीच नव्हती, नवीन भिंतीने जुन्या भिंतीच्या विटा ओढून तोडल्या होत्या आणि भेग पायऱ्या-पायऱ्यांनी जुन्या खिडकीच्या कोपऱ्यापर्यंत चढली होती. म्हणजे जुनं धड होतं तेही गेलं.

तेव्हा पहिला निर्णय हा की नवीन खोली स्वतःच्या पायावर उभी राहील, स्वतःचे कॉलम, स्वतःचे बीम, स्वतःचा स्लॅब, आणि जुन्या घराला फक्त खेटून असेल. मध्ये साधारण २५ मिमीची फट ठेवायची आणि ती कडक मालाने न भरता दबणाऱ्या फोम बोर्डने भरायची. भूकंपप्रवण भाग असेल तर ही फट इंजिनिअर हिशोब करून ठरवेल, कारण तिथे दोन बांधकामं हलताना एकमेकांवर आपटू नयेत हा मुद्दा येतो. आणि हो, स्ट्रक्चरल इंजिनिअर घ्याच. एकमजली आहे म्हणून त्याची गरज नाही असं म्हणतात लोक, पण जुन्याला चिकटून बांधताना त्याची गरज मोकळ्या प्लॉटवरच्या कामापेक्षा जास्त असते. परवानगी, सोडायचं अंतर, अजून किती बांधकाम शिल्लक आहे हे सगळं तुमच्याकडच्या नियमात काय बसतं ते नकाशा पक्का करायच्या आधी बघा, नंतर बघितलं की नकाशा पहिल्यापासून करावा लागतो.

आता सुरुवात कुठून. खोदाईपासून नाही, आणि नवीन खोलीच्या नकाशापासून पण नाही. आधी जुन्या घराची मागची भिंत बाहेरून नीट बघा आणि तिच्यावर काय काय आहे त्याची यादी करा. कुठल्या खोलीच्या खिडक्या तिकडे उघडतात, बाथरूमचा व्हेंटिलेटर कुठे आहे, गच्चीचं पाणी पाडणारे पाइप कुठून उतरतात, ड्रेनेजचं चेंबर कुठे आहे, छज्जे किती बाहेर आलेत, पाण्याची लाइन आणि वायरिंग कुठून जातंय. खोली बांधली की हे सगळं आत जाणार किंवा बंद होणार, आणि प्रत्येकाचं उत्तर आधी कागदावर हवं.

सगळ्यात जास्त नुकसान उजेडाचं होतं आणि ते कोणी मोजत नाही. मागच्या भिंतीला सलग खोली चिकटवली की आत्ता जी खोली मागे आहे ती मधली खोली होते, तिची खिडकी जाते, आणि मग दिवसाढवळ्या तिथे लाइट लावावा लागतो, हवा कोंडते, कपाटामागे बुरशी धरते. म्हणजे एक खोली मिळाली आणि एक घालवली. साधा हिशोब म्हणून खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक दशांश एवढी उघडणारी खिडकी थेट बाहेर हवी, मी स्वतः एक अष्टमांश धरतो, म्हणजे तुमच्या १९२ स्क्वेअर फुटाला २४ स्क्वेअर फूट. हे नवीन खोलीचं झालं, जुन्या खोलीचं काय? माझं मत असं की जागा असेल तर पूर्ण लांबीने चिकटवूच नका. नवीन खोली चार-पाच फूट लांब सरकवा आणि मध्ये फक्त एक छोटा पॅसेज जोडा, दोन्हीच्या मध्ये उघडा चौक राहतो, दोन्ही खोल्यांना खिडक्या मिळतात. शिवाय जोडाची लांबी १६ फुटांवरून चार-पाच फुटांवर येते, आणि जोड जेवढा लहान तेवढी पुढची कटकट लहान. जागा तेवढी नसेल तर नवीन छत जुन्यापेक्षा दोन-तीन फूट उंच घेऊन वरच्या पट्टीत झरोके काढता येतात, किंवा स्लॅबमध्ये स्कायलाइट ठेवता येतो, फक्त तो जोडाच्या रेघेपासून लांब ठेवा आणि त्याच्या चारी बाजूंनी किमान १५० मिमी उंच कठडा घ्या.

बाथरूमच्या व्हेंटिलेटरबद्दल वेगळं सांगतो कारण हा जिवाचा प्रश्न आहे. जुन्या बाथरूममध्ये गॅस गिझर असेल आणि त्याचा व्हेंटिलेटर आता नवीन खोलीत उघडणार असेल किंवा बुजणार असेल तर तो गिझर तिथून काढा. गॅस जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणूस आत बेशुद्ध पडला तरी बाहेर कोणाला कळत नाही. एक्झॉस्ट फॅन लावून भागवू असं करू नका, गिझरच बदला किंवा बाहेर हलवा.

नकाशा पक्का वाटला की अंगणात फक्की टाकून भिंती आखा, आतल्या बाजूने, आणि पलंग, कपाट, टेबल यांची मापं पण आखा, दारं उघडतात कुठे ते बघा. मधल्या खोलीतून नवीन खोलीत जायची वाट तीन फूट तरी जाते, ती जुन्या खोलीतूनच कापली जाते, म्हणून दार भिंतीच्या मधोमध न काढता एका बाजूला घेतलं तर जुन्या खोलीत सामान लावता येतं. घरातल्या सगळ्यांना त्या आखणीत एकदा फिरवा, विशेषतः जे त्या खोलीत राहणार आहेत त्यांना. कागदावर न दिसणाऱ्या गोष्टी तिथे लगेच बोलल्या जातात आणि फक्की पुसायला एक मिनिट लागतं.

ड्रेनेज. चेंबर नवीन खोलीच्या आत येत असेल तर ते बाहेर काढायचंच, फरशीखाली दाबून टाकायचं नाही, कारण ज्या दिवशी ते तुंबेल त्या दिवशी खोली फोडावी लागेल. ११० मिमीच्या पाइपला १ ला ४० असा उतार धरा, म्हणजे १० मीटर लांबीला २५० मिमी खाली जावं लागतं. आता तुमचं नवीन टॉयलेट अगदी मागच्या टोकाला आणि मेन चेंबर पुढे असेल तर पाइप तेवढा खाली नेता येतो का हे आधीच बघावं लागेल. चेंबरचं झाकण उघडा, आत पाइपचा तळ किती खाली आहे तो मोजा, लेव्हल ट्यूबने, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने, तीच पातळी मागे आणा आणि उतार जमतो का बघा. नाही जमला तर टॉयलेट जुन्या घराच्या बाजूला सरकवा, आत्ता सरकवणं फुकट आहे. जिथे पाइप नवीन भिंतीखालून जातो तिथे भिंतीचं वजन पाइपवर येऊ देऊ नका, वरून लिंटेल, म्हणजे वजन पेलणारी आडवी काँक्रीटची पट्टी, घ्या आणि पाइपच्या भोवती ५० मिमी मोकळी जागा ठेवा, भिंत थोडी बसली तरी पाइप तुटत नाही.

मग खड्डा. पूर्ण खोदाई नाही, जुन्या भिंतीला लागून एकच खड्डा, माणूस आत उतरून बसेल एवढा, आणि तो जुन्या पायाच्या तळापर्यंत न्यायचा. त्याच्याखाली नाही, तिथेच थांबायचं. हा खड्डा सगळ्या ड्रॉइंगपेक्षा जास्त सांगतो. बघायचं काय? जोत्याखाली दगडी बांधकाम आहे की काँक्रीट फुटिंग, म्हणजे तळाचा रुंद पाया, आहे, ते भिंतीच्या बाहेर किती पुढे आलंय, तळ जमिनीपासून किती खाली आहे, आणि त्या तळाशी माती कसली आहे. ओल्या मातीचा गोळा हातात घेऊन वळा, त्याची दोरीसारखी वळी होत असेल तर चिकणमाती जास्त आहे, लगेच फुटत असेल तर मुरूम किंवा वाळू. काळी माती असेल तर ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, वरचा साधारण दीड मीटरचा थर हा खेळ खेळत राहतो, त्यामुळे पाया त्या थराच्या खाली न्यावा लागतो किंवा इंजिनिअर अंडर-रीम्ड पाइल (जमिनीत ओतलेले, तळाकडे फुगीर काँक्रीटचे खांब) सुचवेल, ज्या साधारण साडेतीन मीटर तरी खाली जातात. जवळ मोठं झाड असेल तर तेही इंजिनिअरला दाखवा, चिकणमातीतलं पाणी मुळं ओढून घेतात आणि तिथली जमीन बाकीच्यापेक्षा जास्त बसते. खड्ड्याचे टेप लावून फोटो काढा आणि इंजिनिअरला द्या, जमलं तर त्यालाच खड्ड्यात उतरवा.

नवीन पाया जुन्याला लागून असेल तिथे दोन्हीचा तळ एका पातळीत ठेवायचा हा नियम. नवीन वर ठेवला तर त्याचं वजन जुन्या पायाच्या बाजूवर येतं, खाली नेला तर जुन्या पायाखालची माती उघडी पडून घसरते. आणि जुन्या भिंतीच्या कडेने १६ फूट चर एकदम उघडायचा नाही. एक-एक मीटरचे तुकडे करा, एक खोदा, काँक्रीट करा, मग एक सोडून पुढचा, असं. आणि पावसाळ्यात हे काम काढूच नका, चरात पाणी साचलं की जुन्या पायाखालची माती मऊ होते आणि मग जुन्या घरालाच भेगा जातात, हे बघितलंय मी आणि ते दुरुस्त करणं खूप मोठं काम होऊन बसतं.

इथे एक अडचण येते जी नकाशावर दिसत नाही. जुनं फुटिंग भिंतीच्या बाहेर एक-दोन फूट आलेलं असतं, मग भिंतीला चिकटून नवीन कॉलम घेतला तर त्याच्या फुटिंगला जागाच नाही. मिस्त्री काय करतो, फुटिंग एका बाजूला सरकवतो आणि कॉलम त्याच्या कडेवर उभा करतो, की फुटिंग तिरकं व्हायला बघतं. किंवा त्याहून वाईट म्हणजे जुनं फुटिंग तोडतो. याला दोन उपाय आहेत. एक, कडेचं फुटिंग आतल्या फुटिंगला स्ट्रॅप बीमने बांधून टाकायचं म्हणजे ते तिरकं होत नाही. दुसरा, कॉलमच जुन्या भिंतीपासून अडीच-तीन फूट अलीकडे घ्यायचे आणि बीम-स्लॅब जुन्या भिंतीपर्यंत कॅन्टिलिव्हर, म्हणजे एकाच बाजूच्या आधारावर पुढे आलेला, काढायचा. एकमजली कामाला मला दुसरा जास्त आवडतो, जुन्या पायाजवळ खोदाईच करावी लागत नाही. कॉलम खोलीत दिसतील अशी भीती असेल तर तिथेच कपाटाची भिंत घ्या, आत लपून जातात.

वजन कमी करायचं असेल तर स्लॅबच्या ऐवजी स्टीलच्या सांगाड्यावर इन्सुलेटेड पत्रा हाही विचार करा, वर मजला चढवायचा नाहीच आहे तर हा पर्याय हलका समजू नका. जमीन खराब असेल तिथे मी तर हेच सांगतो. पण मजल्याबद्दल घरात पुन्हा एकदा बोलून घ्या, कारण पुढे चढवायचा असेल तर फुटिंग आणि कॉलम आत्ताच त्या हिशोबाने लागतील, नंतर वाढवणं फार अवघड जातं.

जोत्याचा भराव हा भाग सगळे उरकून टाकतात. खोदाईतून निघालेली काळी माती, विटांचे तुकडे, सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या सगळं आत जातं, वरून पाणी सोडतात आणि दुसऱ्या दिवशी सोलिंग, म्हणजे दगडांचा थर. सहा महिन्यांत फरशी भिंतीच्या कडेने खाली बसते. मुरूम आणा, १५० मिमीचा थर, पाणी मारून धुम्मस, मग पुढचा थर. दोन फूट भराव असेल तर चार थर झाले पाहिजेत, तुम्ही स्वतः उभं राहून मोजा. वाळवीचं औषध पीसीसीच्या, म्हणजे फरशीखालच्या बिनसळयांच्या काँक्रीटच्या, आधी मारून घ्यायचं. आणि भराव टाकायच्या आधी जुन्या भिंतीच्या जोत्याला बाहेरून डांबराचा हात आणि जाड प्लॅस्टिक लावा. ती भिंत आजवर मोकळ्या हवेत होती, आता तिला ओला मुरूम टेकणार, आणि भराव जुन्या डीपीसीच्या, म्हणजे जोत्यावरच्या ओल अडवणाऱ्या थराच्या, वर गेला तर ओल डीपीसीला वळसा घालून थेट भिंतीत चढते. मग जुन्या खोलीत, जिथे कधीच ओल नव्हती, तिथे लोणा फुटतो आणि लोक गच्ची गळतेय का ते शोधत बसतात. नवीन डीपीसी जुन्याच्या पातळीत घ्या आणि बाहेरच्या जमिनीपासून किमान १५० मिमी वर ठेवा.

पातळी नेहमी जुन्या फरशीच्या वरच्या अंगापासून मोजायची. टाइल आणि खालचा माल मिळून ५० ते ६० मिमी जातात, म्हणून पीसीसीचा वरचा थर जुन्या फरशीपेक्षा तेवढा खाली. हे कोणी पाहिलं नाही की दारात अर्ध्या इंचाचा उंचवटा राहतो आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तो आयुष्यभर लागतो. टाइलचा सांधा बरोबर जोडाच्या रेघेवर आणा आणि वरून धातूची पट्टी टाका, सलग टाइल त्या रेघेवरून नेली तर ती तडकणारच.

भिंतींचं म्हणाल तर फट वरपासून खालपर्यंत सलग एका रेषेत हवी. मिस्त्री मध्येच दोन-तीन ठिकाणी माल कोंबतो, आधाराला म्हणून, तो काढायला लावा. भिंतीला आडवा आधार हवा असेल तर वरखाली सरकू शकणाऱ्या स्टीलच्या पट्ट्या मिळतात त्या लावा. बाहेरून फटीत आधी फोमची गोल दोरी दाबायची, तिला बॅकर रॉड म्हणतात, आणि मग पॉलीसल्फाइड किंवा पीयू सीलंट भरायचं, रुंदीच्या साधारण निम्म्या खोलीचं. दोरी कशाला, तर सीलंट फक्त दोन बाजूंना चिकटलं पाहिजे, मागे पण चिकटलं की फट रुंदावल्यावर त्याला ताणायला जागाच मिळत नाही आणि ते फाटतं. आतल्या बाजूने ही रेघ गिलाव्यात झाकू नका, त्यावर एका बाजूलाच फिक्स केलेली कव्हर पट्टी मारा. विटांची भिंत आणि काँक्रीट जिथे भेटतात तिथे मात्र गिलाव्याच्या आधी जाळी मारून घ्या, दोन्हीकडे १५० मिमी जाईल अशी.

छताचा जोड हा माझ्या मते सगळ्या कामातला सगळ्यात नाजूक भाग आहे, इथे वेळ द्या. स्लॅबचा उतार जुन्या भिंतीपासून बाहेरच्या दिशेने, १ ला १०० तरी, म्हणजे १२ फुटाला दीड इंच. हल्ली सगळे जोडाच्या कोपऱ्यात सिमेंटचा वाटा, म्हणजे कोपरा भरणारी गोलाई, काढतात आणि वरून केमिकल मारतात, पण वाटा दोन्हीकडे घट्ट चिकटलेला असतो आणि खालचे दोन भाग वेगवेगळे हलतायत. काँक्रीट उन्हात फुगतं, थंडीत आकसतं, १० मीटर स्लॅबला ३० अंशांचा फरक पडला तर साधारण ३ मिमी, आणि हे रोजचं आहे. वाटा एका उन्हाळ्यात तडकतो. त्यापेक्षा असं करा, नवीन स्लॅबच्या कडेने, जुन्या भिंतीपासून फट सोडून, स्लॅबबरोबरच १५० मिमी उंच काँक्रीटचा बांध ओतून घ्या. वॉटरप्रूफिंगचा कोट या बांधावर चढवून वरपर्यंत न्या, वाटा काढायचा तो बांधाच्या आतल्या कोपऱ्यात काढा, तो एकाच स्लॅबवर असल्याने तडकत नाही. मग जुन्या भिंतीत बांधाच्या थोडं वर २५ मिमी खोल खाच मारा, त्यात अॅल्युमिनियमची किंवा गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची पट्टी अडकवा आणि ती बांधाच्या माथ्यावरून पुढे छपरासारखी खाली वळवा. पट्टी जुन्या भिंतीला धरलेली, बांधावर नुसती टेकलेली, बांधाला स्क्रू मारायचा नाही. दोन्ही बाजू हव्या तेवढ्या हलू देत, पाणी आत जायला वाट नाही. आणि जुन्या गच्चीची पन्हाळ नवीन स्लॅबवर धो-धो सोडू नका, पाइपने आडवी फिरवून थेट खाली उतरवा. कोबा झाल्यावर आउटलेट बंद करून पाणी भरून किमान ४८ तास ठेवा आणि खालून जोडाची रेघ बघत राहा.

दार शेवटी. स्लॅब झाला, बाहेरच्या खिडक्या-दारं बसली, खोली कुलूप लावण्याजोगी झाली की मग मधली भिंत फोडा. तोपर्यंत तुमचं घर धुळीपासून आणि चोरापासून दोन्हीपासून वाचतं, माणसांना बाहेरून वाट असतेच. आणि नवीन भोक पाडण्यापेक्षा मागची एखादी खिडकी आहे तिचंच दार करा. वर लिंटेल आहेच, बहुतेक घरात दार-खिडकीचे लिंटेल एकाच पातळीत असतात, फक्त खिडकीखालची भिंत काढायची, वरच्या वजनाला हातही लागत नाही. रुंदी तेवढीच ठेवा म्हणजे झालं. मोठं ओपनिंग हवं असेल तर आधी ठरवा की भिंत वजन घेणारी आहे की कॉलम-बीमच्या मधली भरणीची. भिंत नऊ इंची आहे की साडेचार इंची यावरून अंदाज येतो, खात्री येत नाही, वर बीम आहे का ते गिलावा काढून बघा. वजन घेणारी असेल तर दोन्हीकडून टेकू, एका बाजूला खाच मारून पहिला स्टील चॅनल बसवायचा, दोन दिवस माल धरू द्यायचा, मग दुसऱ्या बाजूचा, दोन्ही बोल्टने आवळायचे, टोकांना किमान १५० मिमी भिंतीवर बसलेले, वरची फट घट्ट मालाने ठासून भरायची आणि त्यानंतरच खालची भिंत उतरवायची. हे इंजिनिअर समोर असतानाच करा.

काँक्रीटचं फार लांबवत नाही. एका पिशवीला २५ लिटरच्या आसपास पाणी, वाळू ओली असेल तर त्याहून कमी, माल पातळ करून ओतणाऱ्याला तिथेच थांबवा. कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई काँक्रीटच्या आत ठेवणारे ठोकळे, स्लॅबला २० मिमी, कॉलमला ४०, फुटिंगला ५०, व्हायब्रेटर हवाच. पाणी किमान सात दिवस, पोझोलाना सिमेंट असेल तर दहा, आणि १२ फुटांच्या गाळ्याचे स्लॅबचे टेकू सात दिवसांच्या आत हलवायचे नाहीत, बीमखालचे आणि कॅन्टिलिव्हरखालचे चौदा दिवस तरी, कॅन्टिलिव्हरचे काढताना टोकाकडून आत यायचं. कॅन्टिलिव्हरची मुख्य सळई वरच्या अंगाला असते, ओतताना माणसं त्यावर उभी राहून ती खाली दाबतात, तेव्हा खुर्च्या, म्हणजे वरची सळई उचलून धरणारे सळईचे आधार, भरपूर टाका आणि चालायला फळ्या ठेवा. वायरिंग जुन्या खोलीच्या सॉकेटवरून ओढू नका, मेन बोर्डवरून वेगळी लाइन आणा, ३० मिलिअँपिअरचा अर्थ लीकेज ब्रेकर लावा, आणि सगळे पाइप, फॅन बॉक्स स्लॅब ओतायच्या आधी टाकले गेलेत का ते ड्रॉइंग हातात धरून तपासा. वायरिंगचे पाइप जोडावरून जातात तिथे लवचिक तुकडा टाका.

कंत्राटाच्या कागदात जोडाच्या या सगळ्या गोष्टी नावानिशी लिहून घ्या, फट, फोम बोर्ड, सीलंट, छतावरचा बांध, पत्र्याची पट्टी, जुन्या पन्हाळीचा पाइप, चेंबर हलवणं, जुन्या भिंतीचं डांबर. हे लिहिलेलं नसलं की ते कोणाच्याच कामात धरलेलं नसतं आणि ऐनवेळी एक्स्ट्रा म्हणून वाद होतो. बजेटमध्ये १० ते १५ टक्के वेगळे ठेवा, जुनं उघडल्यावर काहीतरी निघतंच. पैसे टप्प्याटप्प्याने, झालेल्या कामाचे, आणि पाच ते दहा टक्के रक्कम एक पूर्ण पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवायची हे आधीच ठरवा, चांगला कंत्राटदार याला नाही म्हणत नाही. आतला शेवटचा रंग जेवढा उशिरा काढता येईल तेवढा काढा, विशेषतः जमीन चिकणमातीची असेल तर. जोडाच्या भिंतीला नुसता प्रायमर मारून राहायला जा, आणि कव्हर पट्टीच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने एका पातळीत दोन खुणा करून तारीख टाका, दर महिन्याला पट्टी लावून बघा किती फरक पडलाय. खुणा सलग तीन-चार महिने जागच्या जागी राहिल्या की रंगाऱ्याला बोलवा.